सरकारचा वाटा

माझा धाकटा भाऊ सहदेव याला चाचेगिरीच्या गुन्ह्याखाली पकडलं, तेव्हा देवगड बंदरातल्या निम्म्या लोकांना हसू आलं. सहदेव कुबल आणि चाचा? जो रिक्षावाल्याला 'जरा हळू चालव' म्हणायलाही लाजतो, तो? मला मात्र हसू आलं नाही. मी तीस वर्षं वकिली करते आहे आणि वकिलीच्या आधीपासून संशयी आहे. आई म्हणायची, संजीवनीला दूध दिलं तर ती आधी गाईकडे बघते. त्यामुळे बातमी कळल्यावर 'हे खोटं कोण बोलतंय' असा प्रश्न माझ्या मनात आला नाही. 'याने नेमकं काय केलं' असा आला. आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते, पण सांगायला बसले आहे तर सगळंच सांगते.

आधी भुतांविषयी सांगायला हवं. गेल्या दहा-बारा वर्षांत आमच्या समुद्रात माणसांवाचून चालणारी मासेमारी जहाजं शिरली आहेत. आमचे लोक त्यांना भुतं म्हणतात. डेकवर माणूस नाही, दिवा नाही, हाक मारली तर ओ द्यायला कुणी नाही. ध्वनिलहरी सोडून मासळीचा थवा हुडकायचा, जाळं टाकायचं, ओढायचं, बर्फात भरायचं, हे सगळं यंत्रच करतं. असं जहाज अडवलं तर अटक कुणाला करणार? मालक शोधायला जावं तर एका बेटावरची कंपनी दुसऱ्या बेटावरच्या कंपनीचा पत्ता देते. समुद्र मोठा आणि गस्तीच्या बोटी मोजक्या. शेवटी सरकारने मच्छीमारांच्याच बोटींना परवाने द्यायचं ठरवलं. भूत दिसलं की धरायचं, ओढून बंदरात आणायचं, सागरी लवादापुढे उभं करायचं. लवादाने जप्ती मंजूर केली की बोटीला त्यातला हिस्सा मिळायचा.

सगळ्यांना ही कल्पना फार नवी वाटली. मला वाटली नाही, कारण मुंबईत एलएलएमला असताना मी याच विषयावर प्रबंध लिहिला होता. तो माझ्याशिवाय दोनच परीक्षकांनी वाचला, आणि त्यातल्या एकाने खरंच वाचला का याचीही मला शंका आहे. चारशे वर्षांपूर्वी युरोपातले राजे खाजगी जहाजांना शत्रूची जहाजं धरायचं पत्र द्यायचे. पत्र असेल तो राजाचा माणूस आणि नसेल तो चाचा, सगळ्या मानवजातीचा शत्रू. काम एकच, तलवारही तीच, फरक फक्त पत्राचा. मग त्या पत्रावर तिथल्या कायदेपंडितांनी पिढ्यान्‌पिढ्या डोकी फोडली. गादीवरून हाकललेल्या राजाचं पत्र चालतं का? ज्याला आपण राजाच मानत नाही त्याचं चालतं का? हीच मंडळी आमच्या किनाऱ्यावर आली तेव्हा मराठ्यांच्या आरमाराने त्यांच्याकडे दस्तक मागितलं, म्हणजे आमच्या पाण्यातून जायचा परवाना. पोर्तुगीज असेच परवाने शंभर वर्षं विकत होते, तर ती त्यांची राजसत्ता. मराठ्यांनी तेच मागितलं तर ती चाचेगिरी. चाचा कोण हे समुद्रावर ठरत नाही, कुणाचा कागद मानायचा हे जिथे ठरतं तिथे ठरतं, असं मी प्रबंधात लिहिलं होतं. तेव्हा ते वाक्य मला फार आवडलं होतं.

या नव्या परवान्यात कागद नव्हता. जेवणाच्या डब्याएवढी पेटी होती, बोटीच्या केबिनच्या टपावर घट्ट बसवलेली. तिच्यात नखाएवढं अणुघड्याळ होतं, जे हजार वर्षांत सेकंदभरही चुकलं नसतं. दर दीड मिनिटाला पेटी उपग्रहामार्फत परवाना कक्षाला विचारायची की मी या वेळी या ठिकाणी आहे, हे जहाज धरलेलं आहे, मला अधिकार आहे का. उत्तर यायचं ते एका लांबलचक आकड्याच्या रूपात, सरकारच्या गुप्त किल्लीने सही केलेलं. तशी सही जगात दुसऱ्या कुणाला जमत नाही आणि त्या सहीचं आयुष्य दीड मिनिटाचं. 'हो' आलं की पेटीवरचा दिवा हिरवा आणि नाहीतर लाल. पूर्वी राजा पत्र देऊन विसरून जायचा. या सरकारला दर दीड मिनिटाला विचार बदलायची सोय हवी होती. कुणी परवाना विकू नये, गैरवापर करू नये म्हणून ही व्यवस्था आहे, असं प्रशिक्षणात सांगितलं गेलं. खलाशी त्या पेटीला 'सरकार' म्हणायचे. निघताना एकमेकांना विचारायचे, सरकार जागा आसा मा?

सहदेव 'गजबादेवी प्रसन्न'चा तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य. फेब्रुवारीत त्याने आणि चार खलाशांनी पन्नास मैलांवर एक भूत धरलं आणि ओढून आणलं. बंदरात ढोल वाजले. तिसऱ्या दिवशी पोलीस आले. भुताच्या मालक कंपनीने लवादापुढे चित्रफीत ठेवली होती. परत येताना सकाळी अकरा वाजून दोन मिनिटांपासून अकरा तेरापर्यंत पेटीला अधिकार नव्हता, हे परवाना कक्षानेही मान्य केलं होतं. आणि नेमक्या त्या अकरा मिनिटांत पाच माणसं भुताचं कोठार उघडून मासळी बाहेर काढत होती. भुताच्या स्वतःच्याच कॅमेऱ्याने ते टिपलं होतं. अधिकार नसताना समुद्रावर दुसऱ्याच्या जहाजातून माल काढणं याला कायद्यात एकच नाव आहे आणि त्याला जन्मठेप आहे. तांडेल म्हणून ती सहदेवच्या माथी येणार होती.

रत्नागिरीच्या कोठडीत तो मला भेटला तेव्हा त्याची दाढी वाढलेली होती आणि पायात चपला नव्हत्या. सुहासिनी कशी आहे, हे त्याने आधी विचारलं. सुहासिनी त्याची बायको. ती जेवत नाही हे मी त्याला सांगितलं नाही. मग मी सरळ दिव्याचं विचारलं.

"दिवो हिरवोच होतो, ताय."

"तू सोता बगलंस?"

"बगलंय."

उत्तर फार लवकर आलं. साक्षीदार इतक्या लवकर उत्तर देतो तेव्हा ते त्याने आधीच तयार ठेवलेलं असतं, हे मी न्यायालयात शेकडो वेळा पाहिलं आहे. कोठार का उघडलं, असं विचारलं तर तो म्हणाला, उघडलं, झालं. त्याहून जास्त काही बोलेना. लहानपणी माझी पाटी फोडली होती तेव्हाही तो असाच भिंतीकडे बघत बसला होता. मी वकीलपत्र पुढे केलं आणि त्याखाली तीन कोरे अर्ज ठेवले, पुढे लागतील म्हणून. त्याने एकही कागद वाचला नाही.

"तू वाचलंस मा? मगे झाला," म्हणाला आणि चारही ठिकाणी सही केली.

परतीच्या बसमध्ये माझ्या डोक्याने एक गोष्ट रचली. रचली म्हणते, पण तेव्हा मला ती सापडली असं वाटलं. किनाऱ्यावर कुजबूज होती की दोन-तीन बोटींनी कंपन्यांशी संधान बांधलं आहे. भूत सोडून दिलं तर परवाना जातो. त्यापेक्षा ते बंदरात आणायचं आणि वाटेत थोडा वेळ पेटी बंद ठेवायची, म्हणजे पकडच बेकायदा ठरते आणि भूत राजरोस परत जातं. कुणीतरी सहदेवला हे शिकवलं असणार. यात तूच तुरुंगात जाशील, एवढं मात्र सांगितलं नसणार. भोळ्या माणसाला गंडवायला वेळ लागत नाही. मी असं ठरवून टाकलं आणि एकदा ठरवल्यावर प्रत्येक गोष्ट त्यात चपखल बसायला लागली. त्याचं गप्प बसणंही बसलं.

गुरुवारी मी त्या कोऱ्या अर्जांपैकी एक भरून लवादात दिला आणि त्याच्या फोनची महिन्याभराची यादी मागवली. कंपनीच्या कुणाशी बोलला ते समजलं की पुढचं सोपं होतं. त्याला विचारलं नाही. त्याची सही माझ्याकडे होतीच.

शुक्रवारी परवाना कक्षाचे उपसंचालक मिराशी स्वतः माझ्या ऑफिसात आले. एवढा मोठा अधिकारी देवगडच्या बाजारपेठेत जिना चढून येतो, हेच मला खटकायला हवं होतं. खटकलंही, पण चुकीच्या बाजूने; सहदेवने काहीतरी मोठंच केलं असणार, असं वाटलं. माणूस गोड बोलणारा. चहा दोनदा घेतला, आंब्याचा मोहोर यंदा कसा आहे याची चौकशी केली. मग म्हणाले की सहदेवने पेटी आपणच बंद केल्याचं कबूल केलं, तर गुन्हा चाचेगिरीचा राहणार नाही. उपकरणात ढवळाढवळ, तीन वर्षं, चांगली वागणूक धरून दोन. कक्षाची तक्रार नसेल.

"आणि कबूल नाही केलं तर?"

"तर मग त्या अकरा मिनिटांत तो आमचा माणूस नव्हता, एवढंच आम्ही म्हणू शकतो." त्यांनी बशी बाजूला सारली. "बाई, तुम्हालाही तेच वाटतंय ना? त्यानेच बंद केली असं?"

मी नाही म्हटलं नाही. सोमवारी सांगते म्हटलं. जिना उतरताना त्यांनी वळून नमस्कार केला आणि तो मला जरा जास्तच खाली वाकून केलेला वाटला.

यादी रविवारी सकाळी आली. फोन बर्फाच्या कारखान्याला होते, डिझेल पंपाला होते, सुहासिनीला रोज दोनदा. कंपनी नाही, दलाल नाही, अनोळखी नंबर एकही नाही. बाकीचे सगळे मला. एका महिन्यात एकोणीस वेळा त्याने मला फोन केला होता आणि त्यातले मी चार उचलले होते. मी ती यादी तीनदा वाचली. मग छत्री घेतली आणि उन्हातून बंदरावर गेले.

सहदेवच्या बोटीवरचा सगळ्यात जुना खलाशी भिवा तारी धक्क्यावर जाळं शिवत बसला होता. त्याने मला कडेवर घेतलेलं आहे, त्यामुळे माझ्या वकिलीचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. मी शेजारी ओट्यावर बसले आणि म्हटलं की सहदेव जन्मभरासाठी आत जाईल, आता तरी बोला. त्याने सुई जाळ्यात खोचून ठेवली.

"आमी वाटे केले, बाय," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं ते असं. परत येताना, किनारा दिसायच्या आधी, बोटीवर कालवणाचे वाटे पडतात. प्रत्येक खलाशाला घरी न्यायला कालवणापुरती मासळी. बंदराला लागल्यावर व्यापारी येतात, मालक येतो, दहा माणसांची दहा तोंडं होतात, म्हणून हे आधीच उरकायचं. वाडवडिलांपासून असंच चालत आलं आहे. त्या दिवशी बोटीच्या जाळ्यात काही नव्हतं, चार दिवस भुताच्या मागे गेले होते. सगळी मासळी होती ती भुताच्या पोटात. प्रशिक्षणात बजावलं होतं की लवादाच्या आधी कोठार उघडायचं नाही. सहदेवही आधी नाहीच म्हणत होता. पण मासळी तर आमच्याच दर्यातली, आणि माणसं चार दिवस डाळभातावर. शेवटी तो तयार झाला, एका अटीवर.

"म्हणालो, पयलो वाटो सरकाराचो. तेच्याशिवाय कोणी हात लावूचो नाय." भिवाकाका पहिल्यांदा माझ्याकडे बघत होता. "बरी मोठी सुरमय काढली. बर्फात घातली, बारदानात बांधली. मगे ठेवची खय? सरकार खय आसा? टपार. थयच ठेवली, सरकाराच्या डोक्यार. मगे दिवो कोणाक दिसतलो?"

मी डोकं धरून बसले. पेटीवर ओली बर्फाची पिशवी, आणि तिच्यात अडीच हात लांब सुरमई. भिवाकाकाने पुढे सांगितलं, बंदरात आल्यावर ती पिशवी सहदेवने स्वतः उचलून कक्षाच्या माणसाच्या हातात दिली होती आणि तो ती घेऊनही गेला होता. दुसऱ्याच दिवशी त्याच माणसाने सहदेवला सांगितलं, अरे, त्या बर्फानेच तुझं सरकार गुदमरलं. तेव्हापासून सहदेव समजून चालला होता की जे झालं ते आपल्याच हातून. पिशवीचं बोललो तर वाट्यांचं बोलावं लागेल आणि मग वाटा घेतला म्हणून बाकीचे चौघेही अडकतील, म्हणून तो भिंतीकडे बघत बसला होता.

मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी दुसरा किडा वळवळला. खारं पाणी आणि बर्फ उपग्रहाचा संदेश अडवतात हे खरं आहे. पण मग मिराशींना माझा जिना चढायची गरज काय होती? पिशवीची गोष्ट त्यांना माहीत होती. ती पुढे केली असती तर सहदेवच दोषी ठरत होता. ते सोडून त्यांना कबुली हवी होती आणि तीही 'बंद केली' एवढीच, बर्फाचा उल्लेखही न करता. बर्फाचं नाव निघालं तर पेटी उघडून बघावी लागेल. पेटी उघडायला नको होती ती कुणाला? सोमवारी मी मिराशींना कळवलं की कबुली मिळणार नाही, आणि लवादाकडे पेटीची नोंद उघडायचा अर्ज केला. या वेळी सहदेवकडे गेले, सगळं त्याला वाचून दाखवलं, भिवाकाकाने सांगितलेलंही. तो ओशाळून हसला. फोनच्या यादीविषयी मात्र मी काही बोलले नाही.

नोंद उघडायला आठ दिवस गेले. अणुघड्याळ गारठ्याने किंचित बिघडतं, म्हणून पेटी आपलं तापमानही दर मिनिटाला लिहून ठेवते, हे लवादाच्या तंत्रज्ञ मुलीने मला समजावलं. दहा पस्तीसला पेटी एकदम गार पडली होती आणि बारा वीसपर्यंत गारच होती. म्हणजे पिशवी पावणेदोन तास टपावर होती. आणि तरीही दहा पस्तीस ते अकरा दोन पेटीने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर आलं होतं. अकरा तेरानंतरही आलं होतं. मधल्या अकरा मिनिटांत पेटीने सात वेळा विचारलं. बर्फाने संदेश अडवला असता तर त्या सात जागा रिकाम्या दिसल्या असत्या.

त्या रिकाम्या नव्हत्या. सातही ठिकाणी 'नाही' होतं, सरकारच्या गुप्त किल्लीने रीतसर सही केलेलं.

सुनावणीला लवादाची खोली भरली होती. देवगडहून दोन टेम्पो भरून माणसं आली होती. कबुली हुकल्यामुळे कक्षाच्या वकिलांनी आता बर्फाची पिशवी पुढे केली. मी पेटीच्या नोंदीचा कागद ठेवला. सात प्रश्न, सात उत्तरं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. मी मिराशींना साक्षीला बोलावलं आणि विचारलं की हे 'नाही' कुणी दिलं. ते म्हणाले, सूचना वरून आली. वरून म्हणजे कुठून? ते आपल्याला सांगता येणार नाही. आणि अकरा मिनिटांनी पुन्हा 'हो' कसं झालं? तीही सूचना वरूनच आली. कुणाचा तरी फोन आला असेल, मग दुसऱ्या कुणाचा. तेवढ्यात कंपनीला हवी ती अकरा मिनिटं मिळून गेली. हे मी सिद्ध करू शकले नाही, आजही करू शकत नाही, पण माझं मत मी सांगते आहे. मग मी विचारलं, त्या सुरमईचं काय झालं. मिराशी म्हणाले, नाशवंत माल होता, विल्हेवाट लावली. कशी, असं विचारल्यावर ते छताकडे बघायला लागले आणि मागच्या बाकांवर हशा पिकला.

पण त्यांचा वकील कच्चा नव्हता. त्याने लगेच पवित्रा बदलला. ठीक आहे, अधिकार सरकारने काढून घेतला, तो सरकारचा हक्कच आहे. मग त्यानंतर जे झालं ती लूटच. मी म्हटलं की हा वाद चारशे वर्षं जुना आहे आणि त्याचं उत्तरही तितकंच जुनं आहे. जहाज समुद्रात असताना राजाने तह केला, कप्तानाला खबर नव्हती आणि त्याने पकड केली, तर पकडलेला माल परत जात असे, पण कप्तानाला कुणी चाचा म्हणत नसे. चाचा तो, जो राजा नाही हे माहीत असून हात घालतो. आणि चाचा राजाचा हिस्सा बाजूला काढत नाही. या माणसाने पहिला वाटा सरकारचा काढला, सरकारच्या डोक्यावर ठेवला, आणि सरकारने तो खाल्ला.

"विद्वान भगिनी आपल्या अशिलाच्या भोळेपणाबद्दल फार खात्रीने बोलत आहेत," कक्षाचे वकील म्हणाले आणि एक कागद वर धरला. "त्यांना स्वतःला ती खात्री होती का? हा त्यांचाच अर्ज. आरोपीच्या फोनची यादी. कारण लिहिलं आहे, 'कंपनीशी संगनमताची शक्यता तपासण्यासाठी'. सख्ख्या बहिणीने."

ते कारण मीच लिहिलं होतं, माझ्या अक्षरात. मी पिंजऱ्याकडे बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही.

खोलीत गलका झाला, तो अध्यक्षबाईंनी थांबवला. त्या म्हणाल्या, वकिलांना काय वाटलं यावर हा खटला ठरणार नाही, तांडेलाला काय माहीत होतं यावर ठरेल. त्यांनी सहदेवला सरळच विचारलं की त्या वेळी दिवा पाहिला होता का.

"नाय," सहदेव म्हणाला.

"मग जबाबात हिरवा होता असं का सांगितलंत?"

"हिरवोच आसतलो असा वाटला. आणि वाट्यांचा सांगूक नको होता."

"अधिकार काढून घेतला असेल, असा संशय एकदाही आला नाही?"

सहदेवने खरंच विचार केला. तो विचार करतो तेव्हा त्याचे ओठ हलतात.

"सरकारार संशय कित्याक घेवचो, बाईनू? आमी सकाळपासून तेचाच काम करीत होतो."

संध्याकाळी निकाल आला. सहदेव कुबल चाचा नव्हे. अधिकार गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून निर्दोष. भूत मात्र कंपनीला परत, आणि लवादाआधी कोठार उघडलं म्हणून 'गजबादेवी प्रसन्न'चा परवाना कायमचा रद्द. सूचना वरून कुणी दिली, याचा तपास लवादाच्या कक्षेत येत नाही, असं एका ओळीत लिहिलं होतं. सुहासिनी रडली, देवगडकरांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. भिवाकाकाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. माणूस संशय घेत नाही म्हणून तो मूर्ख नव्हे, असं मी दिवसभर घसा फोडून सांगितलं होतं आणि ते लवादाने मान्य केलं होतं.

सहदेव सगळ्यांना भेटून मग माझ्याकडे आला. मी इमारतीच्या पायऱ्यांवर कागद गोळा करत उभी होते. तो रागावेल, ओरडेल, अशी मी तयारी करून ठेवली होती. माझ्याजवळ उत्तरंही होती. वकिलाला सगळ्या शक्यता तपासाव्या लागतात, वगैरे. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि खाली थांबलेल्या टेम्पोंकडे बघत राहिला.

"सरकारान माका सोडल्यान, तेव्हा माका कळला नाय," तो म्हणाला. "तू कधी सोडलंस, ता पण कळला नाय. कधी गे?"

खोटं सांगता आलं असतं. त्याने विश्वासही ठेवला असता.

"गुरुवारी," मी म्हटलं.

"आणि परत कधी धरलंस?"

"रविवारी."

त्याने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"सरकारापरास तुका जास्त वेळ लागलो," म्हणाला, आणि सुहासिनी वाट बघत होती तिकडे उतरून गेला.